मांजराचा ओठ वर करून बघा

मांजराच्या किंवा कुत्र्याच्या तोंडाला वास येतोय? 'प्राण्यांचा येतोच' म्हणून सोडून देऊ नका. ओठ हळूच वर करा आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू बघा. पिवळट-तपकिरी थर आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसली, तर दुखणं सुरू झालंय असं समजा. कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. पण घाण आधी साचते ती या मागच्या दाढांवरच.

दातांवरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत दगडासारखा होतो आणि मग ब्रशने निघत नाही. म्हणून रोज घासलेलं बरं. सुरुवातीला बोटाला ओलं फडकं गुंडाळून नुसतं फिरवा. सवय झाली की मऊ ब्रश. आतली बाजू राहिली तरी चालेल, ती जीभ बरीचशी साफ ठेवते. आपली टूथपेस्ट मात्र अजिबात नको: प्राणी ती गिळतात, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ असतो, जो कुत्र्यांना विषारी आहे.

चघळायला दिलेल्या वस्तूत नख रुतत नसेल, तर ती दात तोडू शकते. मांजर दुखणं लपवतं. एका बाजूने चावत असेल, तोंडातला घास खाली पाडत असेल, तर थेट डॉक्टरकडे न्या.