सर्व्हर जर्मनीत, एक्सेल विश्रामबागला: या चुका टाळा

जर्मनीतल्या एका कारखान्याचा पगार आम्ही सांगलीत, विश्रामबागला बसून काढतो. सर्व्हर फ्रँकफुर्टला. त्यामुळे “डेटा आपल्याकडे येतच नाही” असं मी दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. चूक. युरोपच्या जीडीपीआर कायद्याच्या नजरेत इथल्या स्क्रीनवर फाइल उघडली की डेटा भारतात आला. भारताला युरोपीय आयोगाची ‘पुरेसं संरक्षण’ ही मान्यता नाही, म्हणून बहुतेक वेळा २०२१ची प्रमाणित करारकलमं, म्हणजे आयोगानेच ठरवून दिलेली डेटा-संरक्षणाची कलमं, ग्राहकाशी करारात घालावी लागतात.

आणि सही करून करार कपाटात टाकला की झालं, असंही नाही. फेसबुकवाल्या मेटाकडे हीच कलमं होती, तरी डेटा अमेरिकेत पाठवल्याबद्दल २०२३ मध्ये १२० कोटी युरोचा दंड बसलाच.

आमचा घोळ मात्र अगदीच घरगुती. मार्चअखेर, लाइट गेलेली, व्हीपीएन, म्हणजे तिकडच्या सर्व्हरशी जोडणारी सुरक्षित लाइन, सारखं तुटतंय. आमच्या ऑफिसातल्या एका पोराने पगाराची एक्सेल व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवली आणि घरी बसून काम संपवलं. मी त्याला शाबासकीही दिली! महिन्याभराने त्याच फोनच्या डाउनलोडमध्ये, लग्नपत्रिका आणि बेदाण्याच्या भावाच्या पीडीएफमध्ये, ती फाइल दिसली. नावं, बँक खाती, आजारपणाच्या रजा, सगळं उघडं. फोनचा बॅकअप आणखी कुठे गेला असेल, ते वेगळंच.

“फाइल एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) होती की” हा बचाव इथे चालत नाही. काम करायला आपण ती उघडतोच, मग कुलपाचा उपयोग काय? खरा उपाय साधा निघाला: नावाच्या जागी कर्मचारी क्रमांक, आणि कोणता क्रमांक कुणाचा ही यादी जर्मनीतच. पगाराच्या हिशेबाला नाव लागतंय कशाला? बँक खातीही तिकडेच राहिली. क्रमांकवाली फाइलसुद्धा कायद्याने वैयक्तिकच, पण फुटली तरी नुकसान फार कमी.

आता उलटी चूक. खासगीपणा जपायचा म्हणून काहीजण लॉगच, म्हणजे सिस्टिममध्ये कुणी कधी काय केलं याच्या नोंदीच, बंद करतात. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. लॉग ठेवा, फक्त त्यात नावं आणि रकमा उतरू देऊ नका.

वेळेचाही गोंधळ होतो. डेटा फुटला तर तिथल्या नियामकाला कळवायचे युरोपातले ७२ तास सगळ्यांना पाठ, पण ते ग्राहकाचे, म्हणजे त्या जर्मन कारखान्याचे. आपण त्याला विनाविलंब कळवायचं असतं. सायबर घटना सर्ट-इनला कळवायला मात्र ६ तासच. शनिवारी रात्री फोन कुणी करायचा, हे आधी ठरवा.

परदेशी लोकांचा डेटा करारावर हाताळणाऱ्यांना आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात बरीच सूट आहे, हे खरं. पण सुरक्षेची जबाबदारी त्या सुटीत येत नाही, आणि तिथला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो.

त्या पोराला मी बोललो नाही. शाबासकी मीच दिली होती. ऑफिसला इन्व्हर्टर आणि दुसरी इंटरनेट लाइन तेवढी घेतली.