अडकलेला राउटर टीएफटीपीने कसा उठवायचा

पावसात मालवण-तारकर्लीकडे विजेचा भरवसा नसतो. फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट होत असताना ती गेली, की राउटर अर्ध्यात अडकतो. पॉवरचा दिवा लागतो, वायफाय दिसत नाही. होमस्टेवाली काकी विचारते, "डबो मेलो काय रे?" बहुतेक वेळा मेलेला नसतो. फर्मवेअर बिघडलं तरी ते सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, शाबूत असतो, आणि बऱ्याच राउटरांच्या बूटलोडरला टीएफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची अगदी साधी पद्धत, कळतं. नवा घ्यायच्या आधी हे करून बघाच.

टीएफटीपीची आज चालणारी व्याख्या, आरएफसी १३५० हा इंटरनेटच्या मानकांतला दस्तऐवज, १९९२ ची. पासवर्ड नाही, फाइलींची यादी नाही. नाव घेऊन फाइल मागायची किंवा द्यायची. एवढं लहान, म्हणून तर बूटलोडरमध्ये मावतं. फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत जाते, एकाची पोच आल्यावरच पुढचा निघतो. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला म्हणजे फाइल संपली. ५१२ च्या नेमक्या पटीत असेल तर शेवटी रिकामा तुकडा जातो. किती स्वच्छ विचार आहे हा!

राउटरच्या पोटावरचा स्टिकर वाचा आणि नेमक्या त्याच मॉडेलची, त्याच हार्डवेअर व्हर्जनची फाइल उतरवा. लॅपटॉपचं वायफाय बंद, केबल लॅन पोर्टला. आयपी हाताने द्या: टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांना लॅपटॉप १९२.१६८.०.६६ वर लागतो, इतरांचं कंपनीच्या सपोर्ट पानावर बघा. विंडोजवर टीएफटीपीडी६४ हा टीएफटीपी सर्व्हर प्रोग्रॅम चालू करून फाइल त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. राउटर कोणत्या नावाने मागतो ते लॉगमध्ये दिसतं. फाइलला तेच नाव द्या.

लोक अडकतात ते फायरवॉलपाशी. यूडीपी ६९ हे टीएफटीपीचं पोर्ट उघडून भागत नाही, कारण त्यावर फक्त विनंती येते. तुकडे दुसऱ्याच पोर्टवरून जातात. परवानगी पोर्टला नको, अख्ख्या प्रोग्रॅमला द्या.

आता रीसेट दाबून धरून राउटर चालू करा, आठ-दहा सेकंदांनी सोडा. लॉग हललाच नाही तर राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये साधा नेटवर्क स्विच लावा. राउटर बंद-चालू होताना लॅपटॉपची लिंक तुटत नाही आणि पहिली विनंती हुकत नाही. काही मॉडेलांत उलटं असतं: सर्व्हर राउटर, फाइल ढकलायची आपण. तेव्हा बायनरी मोड, म्हणजे फाइल जशीच्या तशी पाठवणारा, विसरू नका.

फाइल गेली तरी फ्लॅशवर, म्हणजे राउटरच्या कायमच्या मेमरीत, लिहायला काही मिनिटं लागतात. तोवर राउटर इन्व्हर्टरवरच ठेवा. मग सर्व्हर बंद करा आणि लॅपटॉपचा आयपी पुन्हा ऑटोमॅटिकवर टाका.