थँक्सगिव्हिंगचं जेवण बाहेरून आणताय? निदान या चुका तरी करू नका

आधीच सांगते, इथे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाचं, जेवण विकत आणण्यात काही कमीपणा नाही. दिवाळीची धावपळ नुकतीच संपलेली असते, वीस माणसं जेवायला बोलावलेली असतात, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आयुष्यात अख्खी टर्की, म्हणजे कोंबडीपेक्षा बराच मोठा तो पक्षी, कधी हातात धरलेली नसते, मग ग्रोसरी स्टोअरमधून तयार डिनरचा बॉक्स आणला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते पुढे. बॉक्स आणला की आपलं काम संपलं असं धरून लोक निवांत बसतात आणि गुरुवारी दुपारी मला फोन करतात.

सगळ्यात मोठी चूक: बॉक्स गरम मिळेल असं समजणं

नाही मिळत हो! बहुतेक ग्रोसरी स्टोअर्स जो डिनर विकतात तो "फुल्ली कुक्ड" असतो, म्हणजे शिजवून थंड केलेला. टर्की फ्रिजमधली गार, बटाटे गार, आणि ग्रेव्ही तर डब्यात जेलीसारखी थिजलेली, चमचा उभा राहील इतकी. दहा-बारा पौंडांची अख्खी टर्की हाडापर्यंत गरम व्हायला ओव्हनमध्ये दोन ते अडीच तास सहज जातात. कागदावर हे लिहिलेलं असतं, पण तो कागद बॉक्सच्या तळाशी, डब्यांच्या खाली, आणि तो वाचायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

एका ओळखीच्या घरी पाहुणे दोनला येणार होते. घरच्या ताईंचा एक वाजता फोन, "अगं हे मायक्रोवेव्हमध्ये बसत नाहीये." मी गेले तर बॉक्स तसाच बंद, टेबल मात्र फुलं, मेणबत्त्या, नावाच्या चिठ्ठ्या लावून एकदम सजलेलं. कागदावर ३२५ डिग्री फॅरनहाइट लिहिलं होतं, तर दादांनी हिशोब केला की ४५० ला ठेवली तर निम्म्या वेळात होईल, आणि मी कोट काढेपर्यंत टर्की आत गेलेलीसुद्धा. व्हायचं तेच झालं. पाऊण तासात वरची कातडी काळी, घरभर धूर, स्मोक अलार्म कोकलतोय, आणि छातीच्या मांसात थर्मामीटर घातला तर आत अजून फ्रिजच! उष्णतेला बाहेरून आत शिरायला वेळ लागतो, आच वाढवली की फक्त बाहेरचं जळतं. हे आपल्याला भाकरीपासून माहीत असतं पण ओव्हनसमोर उभं राहिलं की का कोण जाणे विसरतो.

मग मी काय केलं, टर्की बाहेर काढली, करपलेली कातडी सोलून टाकली आणि सगळं मांस हाडावरून उतरवलं. छातीचे काप एका ट्रेमध्ये, तंगड्या दुसऱ्यात, वर वाटीभर कोमट ब्रॉथ (मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी), फॉइल घट्ट लावून ३२५ ला. काप पातळ असल्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात सगळं गरम झालं आणि कोरडंही पडलं नाही. तोपर्यंत मुलांनी डिनर रोल्स आणि निम्मा पंपकिन पाय (भोपळ्याचं सारण भरलेला तो गोड पदार्थ) संपवला होता. मी आता कुणाच्याही घरी रेडीमेड टर्की असली की आधी कापायला लावते आणि मगच गरम करते. अख्खी टर्की टेबलावर ठेवून फोटो काढायची हौस असेल तर गारच काढा फोटो, त्यात गारपणा दिसत नाही.

आणि थर्मामीटर घ्या बाई एक! सगळं १६५ डिग्री फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ७४ सेल्सिअसपर्यंत गरम व्हायला हवं, हे इथले सरकारी अन्नसुरक्षेवालेच सांगतात. सुई मांसाच्या सगळ्यात जाड भागात घालायची, हाडाला टेकवायची नाही. ग्रेव्ही गॅसवर चांगली खळखळून उकळू द्यायची, नुसती कोमट करून वाढायची नाही.

ओव्हन एकच असतो

टर्की, मॅश्ड पोटॅटो, स्टफिंग, ग्रीन बीन कॅसरोल, रताळ्याचा तो गोड प्रकार, सगळ्यांच्या झाकणांवर वेगवेगळं तापमान आणि वेगवेगळा वेळ. सगळं एकदम कोंबलं तर हवा खेळत नाही आणि काहीच धड गरम होत नाही. मी जेवायची वेळ कागदावर लिहिते आणि तिथून उलटी मोजत येते. बटाटे स्लो कुकरमध्ये ठेवते, पण आधी गॅसवर कडक गरम करून मगच, कारण स्लो कुकर गरम ठेवायला चांगला, थंड अन्न गरम करायला फार रेंगाळतो. ग्रेव्ही गॅसवर. म्हणजे ओव्हनमध्ये दोन-तीनच गोष्टी उरतात.

काळे प्लॅस्टिकचे ट्रे ओव्हनमध्ये घालू नका. मायक्रोवेव्हचे असतात ते, बरेचसे ओव्हनमध्ये वितळतात. खाली लिहिलेलं असतं, उलटं करून बघा, अर्थात रिकामं असताना.

दुसरी मोठी चूक: "साइड्स तर व्हेजच असतात"

यावर मी दरवर्षी वाद घालते. आपल्या मंडळींमध्ये निम्मे पाहुणे शाकाहारी, त्यात भारतातून आलेले कुणाचे तरी आईबाबा, आणि यजमान बिनधास्त सांगतात की टर्की सोडून बाकी सगळं खा. अहो, स्टफिंग म्हणजे ब्रेडचे तुकडे खरे, पण ते भिजवलेले असतात बहुतेक वेळा चिकन किंवा टर्कीच्या ब्रॉथमध्ये. ग्रेव्ही तर टर्कीच्याच रसाची. रताळ्यावर जे पांढरे मार्शमेलो असतात त्यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये बेकन लपलेलं सापडतं. काही पायच्या पारीत लार्ड असते, डुकराची चरबी. पंपकिन पायमध्ये अंडी असतातच, ज्यांना अंडं चालत नाही त्यांना आधी सांगायला नको?

एकीकडे तर मी स्वतः बघितलं, "काकू, हे घ्या, ब्रेडचंच आहे" म्हणून ताटात भला मोठा चमचा वाढला. काकू आयुष्यभराच्या शाकाहारी. मी ट्रेचं लेबल वाचत बसले होते (मला सवय आहे, लोक हसतात) आणि घटकांच्या यादीत चौथ्याच नंबरला टर्की ब्रॉथ. काकूंचा चमचा तोंडाशी गेला होता, मी अक्षरशः हात धरला. यजमानीण बाई मलाच म्हणाल्या, इतकं कोण वाचतं!

वाचावं लागतं, कारण भारतात पाकिटावर हिरवा ठिपका असतो तसा इथे कायद्याने कुठलाच ठिपका नाही. खाली "कंटेन्स" म्हणून जी ठळक ओळ असते ती ॲलर्जीसाठी असते. त्यात अंडी, दूध, गहू, मासे, तीळ सापडतील, पण चिकन ब्रॉथ किंवा जिलेटिन सहसा सापडणार नाही, कारण तो ॲलर्जीच्या यादीतला पदार्थच नाही. त्यामुळे ती ओळ वाचून समाधान मानू नका, वरची अख्खी यादी वाचा. दुकानातल्या डेली काउंटरवर, म्हणजे तयार खाणं मिळतं तिथे, बनवलेलं असेल आणि लेबल अर्धवट असेल तर ऑर्डर देतानाच विचारा, बुधवारी संध्याकाळी विचारून काही बदलत नाही. मी सरळ शाकाहारींसाठी दोन गोष्टी घरी करते, मॅक अँड चीज आणि मश्रूमची ग्रेव्ही, आणि त्यांचे चमचे वेगळे ठेवते. चमचा इकडून तिकडे गेला की सगळी मेहनत पाण्यात.

बाकी किरकोळ, पण दरवर्षीचे घोळ

"सर्व्ह्स एट", म्हणजे आठ जणांना पुरेल, असं लिहिलेलं असतं ते खरंच धरू नका. आपल्याकडे टर्की उरते आणि बटाटे पहिल्या फेरीत संपतात. दुसरी टर्की मागवण्यापेक्षा साइड्स दुप्पट घ्या.

पिकअपच्या काउंटरवरच बॉक्स उघडून डबे मोजा. मागे रांग असते, लोक डोळे वटारतात, वटारू देत. गुरुवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा क्रॅनबेरी सॉस राहिला म्हणून कुणाकडे जाणार? टर्की दगडासारखी गोठलेली तर नाही ना, तेही तिथेच दाबून बघा. गोठलेली असेल तर फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस धरा, म्हणजे बारा पौंडांना तीन दिवस. बुधवारी हातात पडली तर पिशवी नीट बंद करून थंड पाण्यात बुडवून ठेवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, पौंडाला अर्धा तास. ओट्यावर रात्रभर ठेवायची नाही म्हणजे नाही.

सोमवारीच फ्रिजचा एक अख्खा खण रिकामा करा. फराळाचे उरलेले डबे, अर्धी लोणची, कधीची ती इडलीची पिठं, काढा बाहेर. "गॅरेजमध्ये गारच असतं" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. फ्रिजमध्ये अन्न ४० फॅरनहाइटच्या खाली लागतं, गॅरेजला ते माहीत नसतं.

जेवण झाल्यावर सगळे फुटबॉल बघत लोळतात आणि अन्न टेबलावर तसंच. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जीवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि मोठ्या भांड्यात सावकाश गार होणाऱ्या मांसात, ग्रेव्हीत तो भराभर वाढतो. इथल्या सीडीसीचंच, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेचंच, म्हणणं आहे की याचे उद्रेक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बरेच होतात. म्हणून उथळ डब्यांत भरा, पातेलं तसंच्या तसं आत ढकलू नका. तीन-चार दिवसांत संपवा नाहीतर फ्रीझ करा.

आणि ते फॉइलचे मोठे ट्रे ओव्हनमधून कडेला धरून उचलू नका, मध्ये वाकतात आणि सगळा उकळता रस पायावर येतो. खाली जाड बेकिंग शीट ठेवा आणि शीटसकट ओढा.