खापरपणजोबांना शोधायला निघताय? आधी एवढं जमवा

आधीच सांगतो म्हणजे नंतर डोक्याला हात लावायला नको, आपल्याकडच्या जुन्या जनगणनेत खापरपणजोबांचं नाव मिळणार नाहीये. इंग्लंडात 1841 पासूनच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं, वय, धंदा सगळं बघायला मिळतं, आपल्याकडे पहिली 1872 ची आणि सगळीकडे एकदम झालेली 1881 ची, पण घरोघरचे कागद ठेवलेच नाहीत, छापले ते नुसते आकडे. तेव्हा तो नाद सोडा आणि कोतवाल बुकाच्या मागे लागा, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असते. 2023 पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने बऱ्याच जिल्ह्यांनी ही पानं स्कॅन करून वेबसाइटवर टाकलीत, आधी घरबसल्या ती चाळा.

जायच्या आधी मोडी लिपी वाचणारा माणूस गाठून ठेवा, गावाचं नाव आणि तेव्हाचा तालुका लिहून घ्या, आणि आडनावावर विसंबू नका. मी दोन दिवस आडनाव शोधत बसलो आणि नोंद होती 'अमुक बिन तमुक' अशी, बिन म्हणजे चा मुलगा, आडनावाचा पत्ताच नाही! त्यामुळे बापलेकांच्या नावांची जोडी पाठ हवी. सनाचंही तेच, शके असेल तर 78 मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590, एखादं वर्ष इकडेतिकडे होतं. नाशिक-त्र्यंबकला तुमच्या गावाची वंशावळीची वही कुठल्या उपाध्यायांकडे आहे ते भावकीत विचारा, तिथे पिढ्याच्या पिढ्या एका पानावर मिळतात.

डीएनए सगळ्यात शेवटी, आणि थुंकी स्वतःची नाही तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची, कारण दर पिढीला वाटा निम्मा होतो, खापरपणजोबांचा तुमच्यात सरासरी सव्वासहा टक्केच उरतो. नळीत थुंकायच्या आधी अर्धा तास खाणंपिणं बंद, म्हणजे आजीचा चहा झाला की घड्याळ बघा. बापाकडची सरळ ओळ हवी असेल तर वाय डीएनए, आणि तो पुरुषाचाच लागतो, आजोबा नसतील तर चुलत आजोबा चालतात. पण कुणाशी मॅच आला, म्हणजे डीएनए जुळला, म्हणून नाचू नका. आपल्यात लग्नं जातीतच, त्यात मामेबहीण केलेली, मग लांबचा माणूससुद्धा आकड्यात जवळचा दिसतो. म्हणून कोणी मामाची मुलगी केली होती ते सगळं आधी वहीत उतरवा.

आणि दत्तक! कागदावर वंश सरळ चाललेला असतो आणि डीएनए तिसरीकडेच जातो. घरात कोण दत्तक आलं, कोण गेलं हे थोरल्या आत्याला विचारा, पण दुपारी, एकटी असताना, सुनांसमोर ती बोलणार नाही.