घरातल्या सगळ्यांनी मिळून एक ब्लँकेट विणायचं असेल तर

आमच्याकडे बाबा, म्हणजे माझे सासरे, थंडीत पहाटे गॅलरीत पेपर वाचत बसतात आणि शाल सारखी गुडघ्यावरून घसरते. त्यांच्यासाठी गेल्या पावसाळ्यात आम्ही घरातल्या चौघांनी मिळून क्रोशाचं छोटं ब्लँकेट केलं, मी, सासूबाई, आठ वर्षांची लेक आणि शेवटी शेवटी नवरापण. कसं केलं ते सगळं लिहिते कारण बऱ्याच घरात लोकर आणली जाते, दोन दिवस उत्साह असतो आणि मग पिशवी माळ्यावर जाते.

पहिली गोष्ट, एकच मोठं काम सगळ्यांनी आळीपाळीने विणायचं नाही. एकाचा हात घट्ट, एकाचा सैल, मग कडा वाकडीतिकडी होते आणि कुणाचं तरी उसवावं लागतं. त्यापेक्षा चौकोन करायचे, ज्याचा चौकोन त्याचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यानेच करायचा. चेन्नईत २०१६ मध्ये मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटातल्या बायकांनी ११ हजार चौरस मीटरपेक्षा मोठं ब्लँकेट करून गिनीज रेकॉर्ड केला, तो पण असाच, आपापल्या घरी चौकोन विणून मग जोडून. आमचं आपलं १२ सेंमीचे ४८ चौकोन, ६ बाय ८, म्हणजे साधारण पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर लांब. सासूबाईंनी २०, मी १६, लेकीने ८ आणि नवऱ्याने ४ केले.

लोकर घेताना मध्यम जाडीची आणि फिक्या रंगाची घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत नवशिक्याला टाके दिसत नाहीत आणि संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये सासूबाईंच्या वयाच्या माणसाला तर अजिबातच नाही. तुळशीबागेत किंवा दादरला जी लोकर मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, धुवायला सोपी, कसर लागत नाही. आम्हाला पाऊण किलोच्या आसपास लागली. एका रंगाचे सगळे गुंडे एकदमच घ्या आणि कागदावरचा लॉट नंबर सारखा आहे का बघा, नंतर तोच रंग आणायला गेलात तर हमखास थोडा वेगळा निघतो. क्रोशाची आकड्याची सुई ४ एमएमची, प्रत्येकाला वेगळी. एका सुईत दोघं असं करू नका, वाट बघण्यातच मुलांचा मूड जातो.

लडी मिळाल्या तर गुंडे करायचं काम सगळ्यात आधी आणि दोघांनी करा. एकाने दोन्ही हातांवर लडी ताणून धरायची, दुसऱ्याने गुंडाळायची. गुंडाळताना दोन बोटं गुंड्यावर ठेवून त्यांच्यावरून गुंडाळा आणि मधूनमधून बोटं काढून दिशा बदला, म्हणजे लोकर ताणली जात नाही. आमच्याकडे याच वेळात सासूबाई लहानपणच्या गोष्टी सांगायच्या, लेक हात वर धरून ऐकत बसायची, हात दुखले तरी हलायची नाही.

आता शिकवणं. उजव्या हाताच्या माणसाला शेजारी बसवून शिकवा आणि डावखुऱ्याला समोर बसवून, म्हणजे आरशात बघितल्यासारखं त्याला तुमचं बघून जमतं. माझी लेक डावरी आहे, तीन दिवस शेजारी बसून काही केल्या जमेना, समोर बसवल्यावर त्याच संध्याकाळी साखळी आली. पहिला आठवडा फक्त साखळी घालू द्या. सरगाठ मारायची, सुईवर धागा घ्यायचा, फासातून ओढून काढायचा, बस. त्या साखळ्यांच्या राख्या झाल्या, केसांचे बो झाले, वाया काही गेलं नाही. अगदी लहान मुलांना सुई न देता बोटांनीच साखळी घालता येते.

मग खांब. सुईवर धागा घ्या, फटीत सुई घाला, धागा ओढून वर आणा, सुईवर तीन फास दिसले पाहिजेत, धागा घेऊन दोनातून काढा, परत धागा घेऊन उरलेल्या दोनातून काढा. इथे आमचा एक मोठा गोंधळ झाला तो सांगते. लेक व्हिडिओ बघून डबल क्रोशे म्हणायची, सासूबाई खांब म्हणायच्या आणि मी एका ब्रिटिश पॅटर्नमधून बघत होते त्यात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब निघाला, म्हणजे आधी सुईवर धागा न घेता फटीतून धागा वर आणायचा आणि परत धागा घेऊन दोन्ही फासांतून एकदमच काढायचा, तो बुटका टाका! अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, त्यालाच ब्रिटिश ट्रेबल म्हणतात. त्यामुळे घरात सुरुवातीलाच नावं ठरवून घ्या. आम्ही सासूबाईंचीच ठेवली, साखळी, मुका खांब, खांब.

चौकोन असा. ४ साखळ्या घालून पहिल्या साखळीत जोडा, म्हणजे तिच्यात सुई घालून धागा तिच्यातून आणि सुईवरच्या फासातून एकदमच ओढा, छोटी रिंग होते. ३ साखळ्या घाला, हा पहिला खांब समजायचा, रिंगमध्येच अजून २ खांब, मग २ साखळ्या, मग ३ खांब २ साखळ्या असं आणखी तीनदा आणि पहिल्या खांबाच्या टोकाला जोडून टाका. पुढच्या फेरीपासून प्रत्येक कोपऱ्याच्या फटीत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब आणि दोन कोपऱ्यांच्या मधे १ साखळी. तिसऱ्या फेरीपासून बाजूच्या प्रत्येक फटीत पण ३ खांब आणि दोन गटांच्या मधे ती १ साखळी, एवढंच. आमचे पाच फेऱ्यांत १२ सेंमी झाले.

चौकोन वाटीसारखा वर यायला लागला तर बहुतेक कोपऱ्यातल्या साखळ्या राहिल्यात, आणि झालरीसारखा लाटा मारायला लागला तर टाके जास्त झालेत. नवऱ्याची पहिली वाटी लेकीने बाहुलीची टोपी म्हणून ठेवून घेतली, फारच गोड दिसते ती.

मापाचं मात्र आधीच बघा. पुठ्ठ्याचा १२ सेंमीचा चौकोन कापून डब्यात ठेवा आणि प्रत्येकाने आपला पहिला चौकोन त्यावर ठेवून बघायचा. सासूबाईंचा हात घट्ट, त्यांचा ११ चाच भरत होता, त्यांना साडेचारची सुई दिली. माझा सैल, मला साडेतीनची. हात बदलायला कुणाला सांगू नका, सुई बदला. आणि दुसऱ्याचा टाका चुकलेला दिसला तरी त्याच्या हातातून घेऊन उसवायचा नाही हा नियम आम्ही पहिल्या दिवशी केला, मला तो पाळणं सगळ्यात अवघड गेलं पण त्याच्यामुळेच लेक टिकली असं मला मनापासून वाटतं. तिने विचारलं तरच सांगायचं. तिच्या एका चौकोनात एका बाजूला ३ च्या जागी ४ खांब आहेत, ते तसंच ब्लँकेटमध्ये आहे आणि बाबा पाहुण्यांना तो चौकोन आवर्जून दाखवतात.

वेळेचं म्हणाल तर रात्री जेवणं झाल्यावर अर्धा-पाऊण तास, रेडिओ लावून. टीव्ही लावला की सासूबाई सोडून बाकी सगळ्यांचे टाके चुकायचे. हात कोरडे आणि स्वच्छ हवेत, लाडू-चिवडा नंतर. मनगट, अंगठा दुखायला लागला की थांबा, ताणून विणू नका.

जोडायला सगळ्यांसाठी एकच रंग घ्या, आम्ही पांढरट घेतला. दोन चौकोन उलट्या बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे आणि कडेने मुक्या खांबाने जोडत जायचं, आधी आडव्या रांगा, मग उभ्या. त्याआधी चौकोन ओले करून टॉवेलवर टाचण्या लावून रात्रभर वाळवले तर कडा सरळ होतात. इस्त्री लावू नका, ॲक्रिलिक चपटं होऊन कायमचं बिघडतं.

धागा तोडताना वीतभर शेपूट ठेवा आणि चौकोन झाला की त्याच दिवशी बोथट सुईने विणीत लपवून टाका, एकदा एका दिशेला आणि परत उलट दिशेला, म्हणजे धुण्यात सुटत नाही. आम्ही हे शेवटी करू म्हणून ठेवलं आणि मग ९६ शेपट्या लपवायला दोन रविवार गेले, त्यातल्या निम्म्या बाबांनीच चष्मा लावून लपवल्या.