कुत्र्याचं पोट सारखं बिघडतंय? आधी कागद चिकटवा

आमच्या शेरूचं पोट दर पंधरा दिवसांनी बिघडायचं. औषधाने दोन दिवस बरं, की पुन्हा तेच. शेवटी फ्रिजवर कागद चिकटवला आणि त्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट तारखेसकट लिहू लागलो. शी कशी झाली, तेही. घरातल्या सगळ्यांना विचारा, सोसायटीच्या वॉचमनकाकांनाही. आमचं उत्तर तिथेच सापडलं: रोज सकाळी दुधाच्या चहात बुडवलेली दोन बिस्किटं, तीही अगदी मायेने भरवलेली! दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही आणि चहा तर त्यांना देऊच नये.

पावसाळ्यात डबक्यातलं पाणी प्यायल्यानेही जिआर्डियासारखे जंतू पोटात जातात. ते शीमध्ये रोज सापडतातच असं नाही, म्हणून एका रिपोर्टवर थांबू नका. 3 वेगवेगळ्या दिवसांचे ताजे नमुने तपासून घ्या. मुंबईत परळचं ‘बैलघोडा’ हे जनावरांचं हॉस्पिटल असो की जवळचा डॉक्टर, तो कागद सोबत न्याच.

खाणं बदलायचं तर 7 दिवसांत, थोडं थोडं. शीमध्ये रक्त, सतत उलट्या किंवा मलूलपणा दिसला तर कागद-बिगद राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरकडे पळा.