क्षयरुग्णांचे गटवार आकडे कसे वाचावेत: देशाचा अहवाल आणि नागपूरचा तक्ता

देशात टीबी घटतोय की वाढतोय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली भारतात दर लाख लोकसंख्येमागे २३७ जणांना नव्याने क्षयरोग होत होता. २०२४ साली हा आकडा १८७ वर आला. दुसरीकडे सरकारी नोंदीतले रुग्ण वाढले: २०१८ मध्ये सुमारे २१.५ लाख, २०१९ मध्ये २४.०४ लाख, २०२४ मध्ये २६ लाखांच्या वर. एक आकडा खाली जातो, दुसरा वर, आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिला रोगाचा अंदाज आहे. दुसरा यंत्रणेचा हात कुठवर पोचला त्याची नोंद आहे.

हा फरक विसरला की पुढचं सगळं चुकतं. पुरुष, स्त्रिया, मुलं, आदिवासी, मधुमेही, झोपडपट्टीतले, खाणीतले अशा गटांची तुलना करताना तर हमखास. वॉर्डाचा किंवा तालुक्याचा गटवार तक्ता करणाऱ्या एसटीएस (टीबी कार्यक्रमातले वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक), आरोग्य कार्यकर्ते, पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे) विद्यार्थी आणि बातमीदारांसाठी ही कामाची पद्धत.

आकड्याला आधी नाव द्या

शीटमध्ये प्रत्येक आकड्यापुढे एक रकाना ठेवा: अंदाज, नोंद की सर्वेक्षण. अंदाज म्हणजे वर्षभरात नव्याने आजारी पडलेले किती असावेत, याचं गणित. नोंद म्हणजे निक्षय या सरकारी टीबी-नोंदणी पोर्टलवर प्रत्यक्ष चढलेले रुग्ण. सर्वेक्षण म्हणजे घरोघरी जाऊन, लक्षणं विचारून, छातीचा एक्स-रे काढून आणि बेडका तपासून त्या वेळी आजारी सापडलेले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकांत दर लाखामागे ३१६ जणांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फुफ्फुसाचा टीबी आढळला. ३१६ आणि १८७ एका वाक्यात शेजारी ठेवू नका. एक ठरावीक वेळी असलेले रुग्ण मोजतो, दुसरा वर्षात नव्याने झालेले. शिवाय ३१६ मध्ये मुलं नाहीत आणि गाठींचा, मणक्याचा, पोटाचा टीबीही नाही.

नोंद वाढण्याची कारणं बऱ्याचदा रोगाबाहेरची असतात. मे २०१२ पासून टीबी नोंदवणं बंधनकारक झालं, निक्षय पोर्टलही त्याच वर्षी आलं. मार्च २०१८ च्या राजपत्रानंतर नोंद न करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आली. मग खासगी डॉक्टर नोंद करू लागले, सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही टीबीच्या जलद तपासणीची यंत्रं खालपर्यंत पोचली. हे रुग्ण आधीही होते, फक्त कागदावर नव्हते.

एक मालिका, एकच अहवाल

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जुन्या अहवालातून जुना आकडा आणि नव्यातून नवा उचलून रेघ ओढणं. जागतिक आरोग्य संघटना दर वर्षी मागची सगळी मालिका नव्याने मोजते. २०१६ च्या अहवालात भारताचा २०१५ चा दर २१७ होता, आजच्या मालिकेत तोच २३७ आहे. २१७ वरून १८७ धरलं तर घट सुमारे १४ टक्के दिसते, २३७ वरून १८७ धरलं तर २१ टक्के. वर्षं तीच, रोग तोच, निष्कर्ष वेगळा.

नोंदीतही हाच खड्डा आहे. २०२० साठी एका सरकारी अहवालात १८.०५ लाख दिसतात, पुढच्या वर्षीच्या अहवालात १६.२८ लाख. पहिल्यात सगळे नोंदलेले रुग्ण आहेत, दुसऱ्यात फक्त नवीन आणि आजार उलटलेले. तक्त्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचल्याशिवाय आकडा उचलू नये.

आणि २०२० हे तुलनेचं मूळ वर्ष कधीही धरू नका. लॉकडाउनमध्ये ओपीडी बंद, बेडका आणायला बस नाही, प्रयोगशाळेतले हात कोविडच्या कामाला. २०२० शी तुलना केली तर कोणताही गट 'झपाट्याने वाढलेला' दिसतो. २०१९ धरा.

गट: टक्केवारी नव्हे, दर

'नोंदीतल्या रुग्णांत पुरुष सुमारे ६० टक्के' हे वाक्य खरं असलं तरी अपुरं आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरुषांतलं प्रमाण स्त्रियांच्या सुमारे तिप्पट निघालं. नोंदीत मात्र ते जेमतेम दीडपट. म्हणजे दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्यांत पुरुष जास्त असावेत: मजुरी बुडते म्हणून, खोकला बिडीचा समजून, दारूमुळे. पण थेट हा निष्कर्ष लिहू नका. सर्वेक्षणात फक्त फुफ्फुसाचा टीबी होता, नोंदीत सगळे प्रकार आहेत, आणि फुफ्फुसाबाहेरच्या टीबीत स्त्रियांचा वाटा तुलनेने मोठा असतो. आधी नोंदीतून फुफ्फुसाचे, प्रयोगशाळेत सिद्ध झालेले, १५ वर्षांवरील रुग्ण वेगळे काढा, मग स्त्री-पुरुष प्रमाण काढा. फिल्टर लावायला पाच मिनिटं लागतात. तरीही बहुतेक सादरीकरणांत तो लावलेला नसतो.

मुलांच्या बाबतीत कमी आकडा ही चांगली बातमी समजू नये. देशाच्या नोंदीत १५ वर्षांखालची मुलं सुमारे ६ टक्के असतात, तर जगभरच्या अंदाजात त्यांचा वाटा ११-१२ टक्के धरला जातो. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. नमुना घ्यायचा तर बहुधा सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातला स्राव काढावा लागतो, आणि ती सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसते. एखाद्या तालुक्यात मुलांचा वाटा २ टक्के दिसला तर आधी विचारा: रुग्णाच्या घरातल्या किती मुलांची तपासणी झाली?

आदिवासींचा आकडा सर्वांत जपून हाताळायचा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती ८.६ टक्के, तर टीबीच्या नोंदीत १०.४ टक्के, असा आकडा आरोग्य मंत्रालय देतं. १०.४ ला ८.६ ने भागलं तर १.२ येतो, म्हणजे वाट्यापेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त. इथवर ठीक. पण 'आदिवासी' हा एक गट नाही. मध्य प्रदेशातल्या आदिवासींच्या एका सर्वेक्षणात फुफ्फुसाच्या टीबीचं प्रमाण दर लाखामागे ३८७ निघालं, त्याच राज्यातल्या सहरिया जमातीत १,५१८. सरासरीत सहरिया हरवून जातात. दुसरा घोळ असा की काही तक्ते 'आदिवासी रुग्ण' म्हणतात आणि मोजतात 'आदिवासी जिल्ह्यातले रुग्ण'. गडचिरोली आदिवासी जिल्हा म्हणून ओळखला जातो, पण २०११ च्या जनगणनेत तिथे अनुसूचित जमाती ३८.७ टक्के होत्या. जिल्ह्याचा सगळा आकडा आदिवासींच्या नावावर टाकला तर निम्म्याहून जास्त माणसं चुकीच्या रकान्यात जातात.

मधुमेह आणि एचआयव्हीसाठी नियम सोपा: छेद नेहमी 'तपासणी झालेले' हाच. ५०० रुग्णांपैकी ४० मधुमेही म्हणजे ८ टक्के नव्हे. साखर तपासलीच ३२० जणांची असेल तर ते १२.५ टक्के. कारागृहाचा दर काढताना एका दिवशीची कैदीसंख्या धरली की दर फुगतो, कारण वर्षभरात त्याहून कितीतरी जास्त माणसं आत-बाहेर होतात. वर्षभरात आत राहिलेले सगळे कैदी छेदात धरा आणि प्रवेशाच्या वेळच्या तपासणीत सापडलेले वेगळे दाखवा.

नागपूरचा तक्ता

नागपूरमध्ये टीबी कार्यक्रमाची दोन स्वतंत्र युनिटं आहेत, महानगरपालिका आणि ग्रामीण. 'नागपूर' एवढंच लिहिलेली फाइल आली तर ती कोणत्या नागपूरची, हे आधी ठरवा. जनगणनेत २०११ साली पूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या ४६.५ लाख होती, शहराची सुमारे २४ लाख. ग्रामीणच्या रुग्णांना पूर्ण जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागलं की दर निम्म्यावर येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग पत्ता. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाचे रुग्ण येतात, छिंदवाडा-बालाघाटचेही. निदान इथे होतं म्हणून नोंद इथे चढते आणि उपचारासाठी रुग्ण गावाकडच्या युनिटकडे पाठवला जातो. निक्षयमध्ये निदान केलेलं केंद्र आणि सध्याचं उपचार केंद्र असे वेगळे तपशील असतात. गटाचा दर काढायचा असेल तर राहत्या पत्त्यावर मोजा. नाहीतर शहराचा दर उगाच वाढतो आणि देवलापार किंवा सिरोंचासारख्या दूरच्या भागाचा उगाच कमी होतो.

दुबार नावं काढताना घाई नको. एकच माणूस आधी खासगी दवाखान्यातून आणि नंतर मेडिकलमधून चढलेला असतो, एकदा 'रामभाऊ' म्हणून, एकदा 'रामचंद्र' म्हणून. सोपा उपाय म्हणून लोक मोबाइल क्रमांकावर दुबार ओळी उडवतात. तो करू नका. घरात फोन एकच असतो. बाप, मुलगी आणि आजी तिघांच्या ओळींत तोच क्रमांक दिसतो, आणि संपर्कातून लागण झालेलं कुटुंब एका झटक्यात एक रुग्ण होऊन बसतं. फोन, वय (दोन वर्षं इकडेतिकडे चालेल), लिंग आणि गाव या चारही गोष्टी जुळल्या तरच ओळ बाजूला काढा. पुसू नका, वेगळ्या शीटवर ठेवा.

वयाचे गट १५-२४, २५-३४, ३५-४४ असे करा. लोक वय सांगताना ३०, ४०, ५० असं गोल सांगतात. ३० हा आकडा गटाच्या मधोमध आला तर नुकसान कमी. २१-३०, ३१-४० असे गट केले की ही सगळी गोल वयं काठावर येतात.

फाइल कोणत्या तारखेला उतरवली, ते नावातच लिहा. डिसेंबरचे रुग्ण जानेवारीतही चढत राहतात. १ जानेवारीला काढलेलं मागचं वर्ष आणि मार्चमध्ये काढलेलं त्याआधीचं वर्ष यांची तुलना केली तर घट आपोआप दिसते.

तपासणीचा रकाना

याच रकान्यासाठी एवढा खटाटोप. कोणत्याही गटाच्या रुग्णसंख्येशेजारी त्या गटात किती संशयितांची तपासणी झाली ते नसेल, तर 'वाढला' किंवा 'घटला' हे शब्द वापरू नका.

समजा एका तालुक्याची लोकसंख्या १,६०,०००. पहिल्या वर्षी २,४०० जणांचा बेडका तपासला, १६८ पॉझिटिव्ह. दर लाखामागे १०५, आणि तपासलेल्यांपैकी ७ टक्के. दुसऱ्या वर्षी शोधमोहीम झाली: ४,८०० तपासले, २१६ सापडले. दर १३५ झाला, म्हणजे सुमारे २९ टक्के वाढ, पण पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण ४.५ टक्क्यांवर उतरलं. आधी १४ जण तपासले की एक सापडायचा, आता २२ तपासावे लागतात. बातमीत 'टीबी २९ टक्क्यांनी वाढला' असं येईल. तक्ता म्हणतो, जाळं दुप्पट रुंद टाकलं म्हणून जास्त सापडले. उलट तपासणी तेवढीच राहून पॉझिटिव्हचं प्रमाण ७ वरून १० झालं असतं, तर ती खरी काळजीची गोष्ट. तपासणी निम्मी आणि रुग्णही निम्मे असतील, तर ती घट नव्हे, सुट्टी आहे.

झोपडपट्टीच्या आकड्यांना हेच लागू होतं. शोधपथक तिथेच जातं, फ्लॅटमध्ये जात नाही. सावनेर-उमरेडच्या खाणपट्ट्यात सिलिकाच्या धुळीमुळे टीबीचा धोका वाढतो हे वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे. पण निक्षयच्या नोंदीत व्यवसायाचा रकाना बहुधा 'मजूर' एवढाच भरलेला असतो, त्यातून खाणकामगार वेगळे काढता येत नाहीत. काढायचे असतील तर एसटीएसने प्रत्येकाला विचारून वेगळा रकाना भरायला हवा, आणि जुनी कामंही विचारायला हवीत. फुफ्फुसात गेलेली धूळ काम सोडल्यावर निघून जात नाही.

लहान आकडे

गेल्या वर्षी ९ मुलं, यंदा १४. 'पन्नास टक्क्यांहून जास्त वाढ' असं लिहायचा मोह होतो. ९ चं वर्गमूळ ३, त्याची दुप्पट ६. म्हणजे काहीही न बदलता हा आकडा ३ ते १५ मध्ये कुठेही पडू शकतो. १४ त्यातच आला. गटात २० पेक्षा कमी रुग्ण असतील तर तीन वर्षं एकत्र करा किंवा दोन शेजारचे तालुके जोडा, आणि तक्त्यात टक्केवारी न देता नुसती संख्या द्या.

५ पेक्षा कमी आकडा गावाच्या नावासह बाहेर देऊ नका, '५ पेक्षा कमी' असं लिहा. बेरजेच्या ओळीकडेही लक्ष ठेवा. एका गावाचा आकडा झाकला आणि तालुक्याची बेरीज उघडी ठेवली, तर वजाबाकी करून तो कुणीही काढतो. दोन गावं झाका, नाहीतर बेरीज गोल करा. चारशे वस्तीच्या गावात 'स्त्री, २५-३४, एचआयव्ही पॉझिटिव्ह: १' एवढी ओळ गेली की नाव लिहायची गरज उरत नाही.